बुधवारची सतरंजी

बुधवारी दिवेलागणीला मी मशीन भिंतीला सरकवते,
चिंध्या खाटेखाली ढकलते,
सतरंजी अंथरते.
परतुरात, जिनिंगच्या मागच्या गल्लीत पत्र्याचं घर.
दारावर इम्मानुएल लिहिलं होतं,
रंग उडत उडत आता नुसतं मानुएल उरलंय.

सुरुवातीला आम्ही चौघं.
मी पर्सिस. सुलभाबाई त्रिभुवन, चष्म्याला एकच काडी.
एफ्राइम दाजी, स्तोत्राला त्यांचा हमालीतलाच सूर,
पोतं पाठीवर घेताना काढतात तो.
आणि शेजारची छबू. ती पहिल्याच दिवशी म्हणाली,
"मी काई तुमच्यातली नाही हां,
नुसती बसाय आले. घरी लई गलका."

बस म्हटलं.
दीड वर्ष ती नुसती बसली.
मग एकदा दाजींचा गुडघा धरला होता,
सगळ्यांचे डोळे मिटलेले,
आणि तिचाच आवाज आला,
"देवा, म्हाताऱ्याला चालू दे,
त्याच्याबगर सूर कोण बिघडवील?"
आमेन हसण्यातच गेलं.

पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात,
जालन्याहून, पॅसेंजरने.
वहीत आकडे लिहितात: हजर किती, नवीन किती.
मी उंबऱ्याबाहेरच्या चपला बघते.
कुणाचा अंगठा तुटला, कुणी पिन लावून भागवलं,
कुठली जोडी दोन बुधवार दिसली नाही.
दिसली नाही की गुरुवारी डबा घेऊन निघते.
वहीत ह्याला रकाना नाही.

नाताळानंतर सतरंजी पुरेना.
माणसं फरशीवर, खाटेवर,
एक पोरगं मशीनच्या पायट्यावर, ते हलवत.
तेवीस माणसं, आणि चहाचं पातेलं दहाचं.
पाळकसाहेब खूश. म्हणाले,
"पर्सिसबाई, आता दोन करा.
अर्धे इथं, अर्धे रुळांपलीकडं. मंडळी अशीच वाढते."

वाढते का तुटते,
मी आत जाऊन पातेल्याला विचारलं.
भाकर कुठून मोडायची ते बोटांना कळतं.
माणसं कुठून मोडायची?
सुलभाबाईंची ओळ कोण शोधून देणार,
दाजींना उठताना हात कोण देणार,
हे ठरवायला कुणी बसलंच नाही.
मी दोन आठवडे कुणाशी धड बोलले नाही.
प्रार्थनाही रागातच केली. ऐकली असेल तर तशीच ऐकली.

"मी जाते तिकडं," छबू म्हणाली.
नुसती बसाय आलेली छबू.
"मालधक्क्यापाशी बहिणीचं घर हाय माझ्या."
"वाचणार कोण?"
"पोरगी वाचील. सहावीत हाय.
जोडाक्षराला अडती.
अडली की सगळे थांबू, काय घाई हाय?"

आज पहिला बुधवार.
दुपारी ती वाटी घेऊन आली,
"विरजण दे गं जरासं.
चहा नाही परवडायचा तिकडं, ताक करीन म्हणते."
मी दिलं. वाटी पदराखाली धरून
ती मागे न बघता गेली.

संध्याकाळी नऊ जोड्या.
सतरंजीच्या कोपऱ्यावर चहाचा एक जुना डाग,
इतकी वर्षं कुणीतरी त्याच्यावर बसलेलं होतं.
दाजींनी सूर लावला,
मधेच गाडी गेली, पत्रे थरथरले,
गाडी गेल्यावर दाजी पुन्हा पहिल्या ओळीपासून.

सगळे गेल्यावर झाडायला बाहेर आले
तर उंबऱ्याशी माझी चप्पल नाही.
छबूची होती. निळा पट्टा, टाचेला झिजलेली.
घाईत माझीच घालून गेली बया.

घालून बघितली. दीड बोट मोठी,
चालताना फटक फटक वाजते.
उद्या गुरुवार.
डबा भरायचाय,
आणि रूळ ओलांडताना
पाय जपून टाकायचाय.